ज्वारी वाढली

मिशनातून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी आधी त्यातल्या चुका काढल्या. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची खोड ती, सरणावरही जायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं तर सोडाच, पण शाईचा डाग पडून एक अक्षर पार बुजलं होतं, आणि मी वाचलं, 'गिरजामाय परवा वाढली.' वाचून हसलोसुद्धा. म्हटलं, सत्तरीच्या घरात ही बाई आता आणखी कुठं वाढली... मग चष्मा पुसून कार्ड उजेडात धरलं. 'वारली' होतं. कारंज्याच्या बाजारातून आणलेली भाजीची पिशवी तशीच हातात राहिली आणि मी ओसरीवर खाली बसलो. चुकावं तर नेमकं ह्याच शब्दाशी चुकावं, आणि तेही मी. ह्याला तीन आठवडे झाले. गिरजाबाईंबद्दल जे लिहायचं आहे ते त्या दिवशीच लिहायला हवं होतं. खरं म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच.

माझ्या गावाहून, मानोऱ्याहून, कोसभर अंतरावर तेव्हा एक लहानसं मिशन होतं. कौलारू तीन खोल्या, अनाथ मुलांची एक लांब पडवी आणि मागे सैपाकघर. सैपाकघर गिरजाबाईंचं. नवरा पटकीत गेला, दीर जमीन बळकावून बसला, तेव्हा ही बाई तिथं आली आणि ख्रिस्ती झाली. सगळ्यांची नावं बदलली, हिचं तेवढं राहिलं. मिशनच्या पाद्रीसाहेबांना कोणीतरी सांगितलं होतं की गिरजा म्हणजे प्रार्थनामंदिर. मग ते कशाला बदलायचं? बाई म्हणायची, "मी पार्वतीच्या नावाची, अन् ह्यायले वाटते चर्चच्या. राहू द्या, कोनाचं काय जाते." साहेब विलायतेतून नुकतेच आलेले, मनानं भले, उंच आणि थोडे उतावळे. त्यांना मराठी शिकवायला मी मंगळवारी आणि शनिवारी चालत जायचो. वय अठ्ठावीस, डोक्यावर पागोटं, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. तिथलं पाणी चालत नव्हतं ना मला! साहेबांची ओळख मात्र चालत होती. कारंज्याच्या शाळेत हेडमास्तराची जागा निघणार होती आणि तिथल्या मंडळींत साहेबांच्या चिठ्ठीला वजन होतं. ते वजन मला पुरतं ठाऊक होतं.

एकदा साहेबांनी प्रभूच्या त्या पाच भाकरींची गोष्ट काढली. रानात हजारो माणसं, सगळी उपाशी, जवळ पाच भाकरी आणि दोन मासे, आणि तेवढ्यावर सगळे जेवले, वर बारा टोपल्या उरल्या. 'भाकरी अधिक झाल्या' ह्याला मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं, "वाढल्या." मग म्हटलं, "आणि पानात घालण्यालाही वाढणंच म्हणतात." साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "मास्तर, आपल्या भाषेत हा चमत्कार क्रियापदातच राहतो आहे." वहीत त्यांनी शब्द लिहिला आणि पुढे एक, दोन असे आकडे घालून दोन अर्थ. मी शहाणपणा करून म्हटलं, चमत्कार कसला साहेब, लोकांच्या कमरेला शिदोऱ्या बांधलेल्या असणार, एकानं सोडली म्हणून लाजेकाजेनं सगळ्यांनी सोडल्या. आमची खडाजंगी ऐकून दाराशी ज्वारी पाखडत बसलेल्या गिरजाबाई हसल्या. "मास्तर, दोनच का? साहेबाले तिसरा सांगा ना." मी म्हटलं, "बाई, तुमी तुमचं सूप पाहा." तिसरा मला माहीत नव्हता असं नाही. माझ्या आईच्या तोंडी तो रोज होता. घरात धान्य संपलं तर संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. पण बायकांच्या चुलीजवळच्या बोलण्याला व्याकरणात कुठं जागा, असा माझा तोरा.

पुढच्या वर्षी मानमोडीच्या तापानं घरंच्या घरं रिकामी केली आणि पाठोपाठ पावसानंही दगा दिला. चैतापर्यंत तांड्यावरचे लोक पळसाच्या मुळ्या उकडून खाऊ लागले. मिशनची साठ पोरं आणि दुपारी दाराशी येईल तो, अशा सगळ्यांसाठी गिरजाबाई थापत होत्या. ज्वारी कारंज्याहून रहीमभाईच्या गाडीनं यायची. त्या शनिवारी मी गेलो नव्हतो, घरी श्राद्ध होतं. साहेबांनी मोठ्या उमेदीनं, दुभाष्याशिवाय, गिरजाबाईंना विचारलं, "कोठीत ज्वारी किती आहे?" बाई म्हणाल्या, "ज्वारी वाढली, साहेब." साहेबांनी पुन्हा विचारलं, "वाढली?" "व्हय. पार वाढली." दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाला साहेबांनी नेमकी तीच भाकरींची गोष्ट काढलेली. त्यांना वाटलं, देवानं खूण दिली. त्यांनी चौकीदाराला तांड्यांवर आणि भोवतालच्या गावांत पिटाळलं, उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना जेवण. आणि सांजेला रहीमभाईची गाडी पोत्यांनी भरून आली, तर साहेब त्याला म्हणाले, इथं पुष्कळ आहे, पहाटे तसेच पुढे मंगरूळच्या बाजूला जा, तिकडे जास्त ओढ आहे. गिरजाबाईंनी बैल सोडून आवारात उभी केलेली गाडी पाहिली आणि सकाळी पोती उतरवतील म्हणून निर्धास्त झोपल्या.

रविवारी मला बोलावलं होतं, साहेबांचं मराठी लोकांना समजेल असं करून सांगायला. गेलो तर आवारात पाय ठेवायला जागा नाही. पाचसहाशे माणसं असतील. पोटं पाठीला लागलेली, बायकांच्या कडेवर रडण्याचंही त्राण नसलेली लेकरं. साहेब बोलत होते, मी सांगत होतो. 'तेव्हा प्रभूनं आभार मानले आणि भाकरी वाढल्या...' एवढ्यात गिरजाबाई माझ्या कोपराशी येऊन उभ्या राहिल्या. हात पिठाचे. हळूच म्हणाल्या, "मास्तर, एवढी लोकं काहून बसवून राह्यले? ज्वारी वाढली म्हून मी कालच सांगतलं ना साहेबाले. अन् गाडी कुठं गेली?"

सगळं एका क्षणात समजलं. मी साहेबांच्या कानाशी लागून म्हटलं, "कोठीत ज्वारी नाही." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "ती स्वतः म्हणाली, वाढली आहे. तिला विचारा, काल होती ती आज कुठे गेली?" एका वाक्याचं काम होतं. साहेब, चूक तिची नाही, मी शिकवलेल्या मराठीची आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. मी गिरजाबाईंकडे वळून, पोस्टमनसारखा, साहेबांचा प्रश्न तसाच्या तसा पोचता केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग म्हणाल्या, "ते मंग पाहू. आधी लोकाइले बसवा."

कारण पुढचे लोक उठले होते. कुजबुज झाली होती, कोणीतरी ओरडलं, "कोठी दाखवा," आणि दहावीस गडी सैपाकघराकडे निघाले. मागून रेटा येऊ लागला. एक बाई लेकरासकट पडली. साहेब हात वर करून काही सांगत होते, ते कोणाला ऐकू येत नव्हतं. गिरजाबाई त्या गड्यांच्या पुढे गेल्या आणि कोठीचं दार दोन्ही हातांनी सताड उघडलं. "पाहून घ्या बापा. कणगीत उतरून पाहा." कणगीच्या तळाला झाडल्याच्या खुणा होत्या, बाकी काही नाही. गडी दारातच थबकले. मग बाई उंबऱ्यावर चढल्या. "आता बसा. पन्नास-पन्नासाच्या पंगती करा, जो तो आपल्या लोकाइसंगं. साहेबाच्या गोष्टीत देवानं आधी काय केलं? भाकर नाही हाती घेतली. आधी लोकाइले बसवलं. उभा मानूस लुटते, बसल्या मानसाले वाढता येते. बसा." आणि काय सांगू, लोक बसू लागले. एक पंगत, दुसरी पंगत... तेव्हा त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मास्तर, पळा. गाडी आना. तवर मी वाढतो."

मी पळालो. पागोटं बगलेत, जोडे हातात, चैताचं ऊन डोक्यावर. दुष्काळात बैलांना पाणी पाजायला त्या वाटेवर एकच विहीर उरली होती, तीन कोसांवर, तिथं गाडी थांबलेली असणार एवढीच आशा. दोनदा पडलो. पोचलो तेव्हा रहीमभाई बैल जुंपायच्याच बेतात होता. म्हणाला, "मास्टर, साहेबने खुद बोला, आगे ले जाओ." मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं, वाढली म्हणजे संपली, साहेबांना ते कळलं नाही, मी शिकवलं नव्हतं. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, हम भी शाम को दुकान बढा दी बोलते, बंद नहीं बोलते. इतना तो बताना था." गाडी वळवली. खरं बोलायला मला तिथं जड गेलं नाही, एवढंच इथं नोंदवून ठेवतो. गाडीवानापुढे ते सहज जमलं.

ऊन उतरता उतरता परत आलो. वाटभर मनात एकच, दारं मोडली असतील, कोणी चेंगरून मेलं असेल... आवारात शांतता होती. पंगती बसलेल्या होत्या. शेवटच्या दळणाच्या, पोरांसाठी सकाळी थापलेल्या भाकरी बाईंनी पोरांना विचारून हंड्यात कुस्करल्या होत्या, त्यात चिंच, मीठ, तिखट आणि पाणी, आणखी पाणी. पळसाच्या द्रोणात एकेक पळी. पहिल्या पंगतींना आंबील म्हणता येईल असं काही मिळालं, शेवटी नुसतं चिंचेचं पाणी. एकानं द्रोण भिरकावला होता, तो तिथंच पडलेला होता. पण बाई अजून वाढत होत्या, सावकाश, प्रत्येकाला नाव-गाव विचारत, म्हणजे वेळ जावा. त्या दिवशी भाकरी व्हायला रात्र झाली, मानोऱ्यातल्या बायका जात्यावर येऊन बसल्या. सगळे जेवले.

साहेबांचे डोळे भरले होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मास्तर, आज आपण धावला नसता तर काय झालं असतं. कारंज्याची चिठ्ठी मी उद्याच लिहितो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण ती ज्वारी? रात्रीतून कोणी नेली असेल?"

मी म्हटलं, "कोण जाणे, साहेब."

तीनच शब्द. ह्या तीन शब्दांवर मी हेडमास्तर झालो. आणि गिरजाबाईंच्या कमरेची कोठीची किल्ली दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मडमेच्या कमरेला गेली. कोणी त्यांना चोर म्हटलं नाही, काढूनही टाकलं नाही. साहेब दयाळू होते ना, त्यांनी क्षमा केली. रोज सकाळी मडम पायलीनं ज्वारी मोजून देई आणि बाई दाराबाहेर सूप धरून उभ्या राहत. साहेब गेले, दुसरे आले, तिसरे आले, तो नियम कोणी मोडला नाही. मानोऱ्यात त्यांना 'ज्वारीवाली' म्हणत, आणि मी सुट्टीत गावी आलो की ते कानांनी ऐकून घेई. वर्षातून एकदा मिशनात डोकवायचो, दाराशी उभा राहून खुशाली विचारायचो आणि परत यायचो.

ह्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा मात्र आत जाऊन बसलो. सैपाकघरामागे त्यांची खोली. डोळ्यांत सारा पडलेला, फारसं दिसत नव्हतं. मला आवाजावरून ओळखलं. "मास्तर, आज बसून राह्यले?" मी म्हटलं, "गिरजाबाई, त्या दिवशी मले माहीत होतं." कोणता दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मलेबी माहीत होतं, तुमाले माहीत हाये म्हून." "मग तुमी बोलल्या काहून नाही?" "तुमी गाडीमांगं पळाले ना. मानूस एका वक्ताले एकच काम करते." मी म्हटलं, "आणि संध्याकाळी?" मग म्हणाल्या, "संध्याकाळी तुमी दमले होते."

मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नाही, की दिसलं, देव जाणे. विषय बदलायचा म्हणून विचारलं, ती पाच भाकरींची गोष्ट तुम्हाला खरी वाटते का? म्हणाल्या, "पुरल्या नसतीन मास्तर. पाच भाकरी कशाच्या पुरते? पन कोनी उठून गेलं नाही. तेच मोठं." मग, निघताना : "ते ज्वारीचं आता सांगान का कोनाले?" मी म्हटलं, "कोणाला सांगू बाई, साहेब तर गेले." "लोकं हायेत ना अजून," त्या म्हणाल्या. मी कबूल केलं. घरी येऊन दौत काढली, दोन ओळी लिहिल्या, ठेवून दिल्या. मग कार्ड आलं.

तर आता लिहितो, सरळ. मानोऱ्याजवळच्या मिशनच्या कोठीत त्या दिवशी ज्वारी नव्हती. ती कोणी नेली नव्हती. गिरजाबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आपल्या सगळ्यांच्या आया सांगतात त्याच शब्दात. चूक शिकवणाऱ्याची होती, आणि ती त्यानं दडवली.

कार्ड मिळाल्यावर चार दिवसांनी मी तिथं गेलो होतो. गिरजाबाईंच्या हाताखाली तयार झालेली कौसाबाई आता चुलीवर आहे. मुलं पडवीत ताटल्या घेऊन बसली होती. पुन्हा लढाई, पुन्हा धान्याची ओढ. नवी मडम, येऊन सहा महिने झालेली, किल्ली कमरेला आणि हातात शब्दांची वही, मला सैपाकघर दाखवत होती. तिनं कौतुकानं कौसाबाईंना विचारलं, "पीठ किती आहे?" कौसाबाई मान न वर करता म्हणाल्या, "पीठ वाढलं, मडमबाई." मडमेचा चेहरा उजळला. "छान, फार छान," म्हणाली आणि जायला वळली.

मी म्हटलं, "बाई, थांबा. ती म्हणते, संपलं. पीठ संपलं."

कौसाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मायच्या सैपाकघरात तो शब्द काढला तुमी?"

"काढला बाई," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं उशीर झाला."