भाजी मी पिकोतो अन् इचारता तिले

रिठदला मी भाज्यांच्या सर्वेक्षणासाठी गेले होते. घरात आठवड्यातून किती वेळा पालेभाजी होते, एवढंच विचारायचं होतं. कोणत्या घरी जायचं हे मात्र मोबाइलवरची वेबसाइट ठरवायची. गावातल्या सगळ्या घरांची यादी तिच्यात होती. बटण दाबलं की ती चिठ्ठ्या काढल्यासारखी वीस घरं निवडायची.

एकाच भिंतीला लागून दोन जावांची घरं होती. त्यातलं धाकटीचं निवडीत आलं. थोरलीचा भाजीचा मळा. तिची मेथी न् वांगी रिसोडच्या बाजारात जायची. ती दारातच उभी होती.

"मले काहून नाही इचारत?"

"काकू, तुमचं घर निवडीत आलं नाही."

"भाजी मी पिकोतो अन् इचारता तिले? तिच्या घरी आलूशिवाय काही शिजत नाही!"

मी सांगितलं, यंत्र कुणाला ओळखत नाही, ते आंधळेपणानं निवडतं.

"वयखत नाही, तं तिचं घर बरं सापडलं!"

तेवढ्यात नेटवर्क गेलं, पान पुन्हा उघडलं आणि यादीच बदलली. "अरे, ही तर वेगळीच घरं आली," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग अजून एकडाव दाबा ना," थोरली म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर तिनं खुर्ची दिली होती, चहा दिला होता. मी तीनदा दाबलं. एकदा कुलूप लागलेलं घर आलं, एकदा घरनंबर मिळालेला एक गोठा आला. धाकटी दोनदा आली. थोरली एकदाही नाही.

"गोठा चालते, मी चालत नाही," ती म्हणाली. मला हसूही येईना आणि तिच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात ऑनलाइन बैठक झाली. वेबसाइट बनवणाऱ्या मुलानं विचारलं, पुढे काय सुधारणा हव्यात? मी सगळं कबूल केलं आणि म्हटलं, एकदा निवड झाली की यादी बदलताच येऊ नये. आणि गोठे वगळा.

तो चकित झाला. "लोक तर सर्वेक्षण टाळतात. निवड व्हावी म्हणून कोण भांडतं?"

"तुम्ही एकदा रिठदला या," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही सुधारणा केल्या. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानं माझं काम बाद झालं होतं, म्हणून मी पुन्हा गेले आणि सगळ्या आळीसमोर एकदाच बटण दाबलं. धाकटीच आली. थोरली आपली खुर्ची उचलून जावेच्या ओसरीत येऊन बसली.

"पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?" मी धाकटीला विचारलं.

"चारदा."

"चारदा?" थोरली म्हणाली. "मागच्या हप्त्यात वाटीभर मेथी मीच देल्ली होती!"

"वाटीभर कायची, अर्धी होती!"

बरीच घासाघीस होऊन धाकटी स्वतःच "दोनदा लिहा" म्हणाली. मी दोनदा लिहिलं. खाली शेऱ्यात लिहिलं, 'मुलाखतीच्या वेळी जाऊ हजर होती.' थोरलीनं वाकून मोबाइलमध्ये पाहिलं.

"जाऊ कोन्ती? थोरली लिहा."

मी लिहिलं.