चष्म्यातली म्हैस आणि तिचा पान्हा

गेल्या महिन्यात एका रविवारी सुनेनं मला पलंगावर बसल्या बसल्या गंगावेशीत नेलं... डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला, आणि समोर आमचाच दूध कट्टा.

कोल्हापूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो. इथं गवळी रस्त्याकडेला म्हशी घेऊन उभे असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. चाळीस वर्षं मी तेच केलं.

सुनेच्या, म्हणजे स्वातीच्या कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये असं आभासी कोल्हापूर उभं केलंय. कुठूनही यायचं, फिरायचं, मसाला-चपला बघायच्या, ऑर्डर दिली की खरा माल कुरिअरनं घरी. दूध तेवढं शोभेचं.

पण लोक यायचे आणि दोन मिनिटांत जायचे... दुकानदार कंटाळले होते. जम बसला नाही तर इथलं ऑफिस बंद आणि मुलगा, सून, नात ओवी पुण्याला. घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं, पण ओवीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टेबलावर येऊन पडला होता.

तर मी चष्म्यातून बघतोय. म्हशी झकास, शिंगं तेल लावल्यासारखी. गवळ्यासमोर उभा राहिलो, तोच ग्लास भरून पुढ्यात...

"स्वाती, ही म्हस हाय का नळ?"

"मामा, लोकांना थांबायला आवडत नाही. म्हणून वेळ वाचवलाय."

"अगं, म्हशीनं पान्हा सोडाय नको? रेडकू लावायचं, कासेला हात फिरवायचा... तवर गिऱ्हाईक काय करतंय?"

"काय करतंय?"

"गप्पा मारतंय की. नुसतं दूध तर घरी बी येतंय."

ती माझ्या डोळ्यांवरचा चष्मा तसाच ठेवून फोन लावायला आत गेली.

पंधरा दिवसांत त्यांनी म्हशीला पान्हवायला पाच मिनिटं दिली, शेजारी बसायला दगडी कट्टा केला. पहिल्या दिवशी गवळी म्हणून मलाच बसवलं. येईल त्याला म्हणायचो, "बसा पावणं, आजून पानवली न्हाय."

एक दुबईहून आलेला, एक बाई नागपूरच्या. तो निघाला मूळचा गगनबावड्याचा... मग गप्पांत तिथला पाऊस निघाला, तांबडा रस्सा निघाला, रश्श्याला मसाला कुठला यावर जुंपली. शेवटी दोघं मिळून मसाल्याच्या दुकानात गेले. दूध घ्यायचं विसरलेच.

आता लोक रेंगाळतात, माल खपतो, दुकानदार सोडून जायचं नाव काढत नाहीत. ऑफिसही राहिलं.

परवा ओवी तिचं चित्र दाखवायला आली. म्हैस काढली होती, पाच पायांची. कागद उलटून बघतो तर दाखल्याचा अर्ज... स्वातीनंच दिला होता म्हणे, रंगवायला.

चाळीस वर्षं खऱ्या म्हशींनी माझं घर चालवलं. या चष्म्यातलीनं ते मोडू दिलं नाही. तिला वैरण कशी घालायची, तेवढं काही कळेना.