इसबगोलाची शेवटची कुंडी

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ऑफिसला जाताना आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका अंगणापाशी माझी सायकल हमखास थांबायची. तिथे एक म्हातारी बाई भिंग लावून कुंडीवर वाकलेली असायची. मी तिला काकू म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही. वारा सुटला की ती बाजूला सरकायची, कारण त्या फुलांचे पराग वाराच नेतो.

कुंडीत इसबगोल होता. तिचे यजमान वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. रुंद पानांचे, बारीक पानांचे, डोंगरातले असे इसबगोलाचे कितीतरी भाऊबंद त्यांनी जमवले होते. ते वारल्यावर एकेक वाण मरत गेला आणि ही एकच कुंडी उरली.

एकदा तिनं भिंग माझ्या हाती दिलं. तुऱ्यावर कणीएवढी फुलं दिसली; स्त्रीकेसर सुकलेल्या फुलांतून पुंकेसर बाहेर आले होते.

"याच्यात बाई आधी सुकते, मग पुरुष बाहेर येते," ती म्हणाली. "आमच्या घरी उलटं झालं, भैया."

बी पिकत आलं आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. सकाळी ती कुंडीपाशी बसली होती. भिजलेलं बी फुगून बुळबुळीत झालं होतं, तिच्या बोटांना चिकटलं होतं. पेरण्याजोगा एक दाणा राहिला नव्हता. मी तांब्याभर पाणी आणलं.

"हात धुवा, काकू."

तिनं हात मागे घेतला. "राहू दे. पाणी लागलं का अजून फुगते ते."

मग ते वाळेपर्यंत ती हात उन्हात धरून बसली, आणि मी तांब्या घेऊन तसाच उभा राहिलो.