आप्पांनी बसवलेली दुर्बीण

दुर्बीण पिस्तुलावर बसवण्याआधीचे आठ दिवस फार सुखाचे गेले. ती नुसती हातात घ्यायची, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गच्चीवर जायचं आणि हात लांब करून तिच्यातून बघत बसायचं. पिस्तुलाची दुर्बीण डोळ्याला चिकटवत नाहीत, हातभर लांब धरतात, त्यामुळे तिच्यातलं गोल जग हवेत तरंगत राहतं. मी रजेवर होते; दुपारी तीनच्या उन्हात त्या गोलात कधी पाण्याची टाकी यायची, कधी टाकीवर पेंगणारं कबुतर, कधी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीचा एक कोपरा. सगळं जवळ, आणि आवाज कशाचाच नाही. मी बँकेत नोकरी करणारी पंचेचाळिशीची बाई, पण त्या गोलात शिरले की मला कशाचं भान राहत नसे. खाली दूध उतू जायचं.

नेमबाजी मी कॉलेजात एनसीसीत शिकले होते आणि चाळिशीनंतर पुन्हा सुरू केली. शहराबाहेर माळावर आमचा क्लब आहे. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पुढे मातीचा बांध. रविवारी सकाळी आम्ही तिथे साखळीला टांगलेल्या लोखंडी चकत्यांवर नेम धरतो. जवळचं धूसर दिसायला लागलं तेव्हा मी दुर्बीण घेतली. माझं पिस्तूल छर्‍यांचं, पण आतली स्प्रिंग जबर. चाप ओढला की आधी हात मागे ढकलला जातो आणि पाठोपाठ पुढे हिसका बसतो. आवाज किरकोळ, झटका मात्र मनगटाला समजेल असा. या दुहेरी हिसक्याने दुर्बीण जागा सोडते. चार-पाच छर्‍यांत केसभर मागे सरकते, आणि मग मी नेम धरते एकीकडे नि छर्रा जातो भलतीकडे. पहिल्याच रविवारी माझ्या दहापैकी आठ चकत्या शांतपणे लटकत राहिल्या.

"आण हिकडं," आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे मोडनिंबकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी सोलापुरात आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर झाले. माग अडला की तो चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. जन्म त्यातच गेला. दोन वर्षांपूर्वी मालकाने सगळे माग भंगारात काढले, तेव्हापासून आप्पा घरात असून नसल्यासारखे झाले होते. कान तर मागांच्या खडखडाटाने आधीच नेले होते. खुर्चीत बसून नुसती बोटं चाळवत राहायचे. मला ते बघवत नसे.

पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा तपासून मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दुर्बिणीच्या दोन्ही कड्या, खालची पट्टी, स्क्रू, सगळ्यावरून अंगठा फिरवला. किती दिवसांनी ते असे पुढे वाकून बसले होते!

"हे तर मागावानीच हाय की," ते म्हणाले. "धोटा हिकडनं तिकडं आपटतो, तवा नट ढिलं व्हनारच. नुसतं आवळून भागत न्हाय. त्येला सरकाय जागाच ठिवायची न्हाय."

मग दर सोमवारी, मी बँकेतून आले की संध्याकाळच्या उजेडात आमचं काम सुरू व्हायचं. पट्टीवर आडव्या खाचा असतात. कडीचा पाय त्या खाचेच्या काठाला आधी नीट टेकवायचा आणि मगच आवळायचं, म्हणजे हिसका स्क्रूवर न येता काठावर जातो. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत. या कोपऱ्याचा थोडा, मग समोरच्याचा थोडा, असं फिरत जायचं. शेवटी माझं लाल नेलपॉलिश घेऊन ते कडीवरून पट्टीवर एक बारीक रेघ ओढायचे. रेघ मोडली की समजायचं, दुर्बीण हलली. मी शेजारी हनुवटी टेकून बसायची आणि हळूहळू कुठेतरी निघून जायची. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. कौलातून उन्हाचे तिरपे पट्टे उतरलेले असायचे आणि त्यांत कापसाची कुसं तरंगत असायची. खाली येण्याची त्या कुसांना अजिबात घाई नसायची. आप्पांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मी फुंकर मारली की ते डोळे मिटून हसायचे.

पण या सगळ्याच्या आधी आप्पा एक गोष्ट न चुकता करत. तेलाच्या कुप्पीतून पट्टीवर दोन थेंब टाकत आणि अंगठ्याने मायेने चोळत. मागाला तेल देऊनच त्यांची प्रत्येक सकाळ उजाडलेली. लोखंड कोरडं राहिलेलं त्यांना सोसतच नसे.

क्लबात शिकवणाऱ्या सरांनी एका रविवारी माझी पट्टी बोटाने पुसून बघितली. "मॅडम, दुर्बिणीची बैठक कोरडी हवी," ते म्हणाले. "तेल असलं तर कितीही आवळा, ती घसरणारच. स्पिरिटने पुसून घ्या."

मला तेव्हाच सगळं कळलं. घरी येऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण आप्पा दारातच उभे होते आणि त्यांच्या हातात पितळेचा एक तुकडा होता, दुर्बिणीच्या पाठीमागे अडसर म्हणून त्यांनी दिवसभर कानशीने घासून केलेला. मी तो तुकडाच वाखाणला. एकदा चोरून स्पिरिटने पुसून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी कड्या सोडल्या, "पार कोरडी पडली की गं," असं हळहळून म्हणाले आणि चार थेंब जास्तच दिले. मग मी नाद सोडला. दर रविवारी रेघ मोडायची, दर सोमवारी ते नवीन काहीतरी शोधायचे. स्क्रूच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळून बघितला, कड्यांच्या आत कागद घालून बघितला. मी मनाशी म्हणायची, माणूस कामाला लागलाय, दोन घास जास्त खातोय, चकत्या गेल्या खड्ड्यात. खरं सांगायचं तर आपण किती समजूतदार मुलगी आहोत, याचंच मला कौतुक वाटत होतं.

क्लबच्या स्पर्धेला आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. माझ्या पहिल्या चार चकत्या वाजल्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण चकती हललेली दिसली की ते दर वेळी हात वर करायचे. पाचवीपासून सगळं बिघडलं. मी नेम धरत होते, त्या गोलात चकती अगदी संथ, स्वच्छ दिसत होती आणि छर्रे मातीत जात होते. हरल्याचं मला काही वाटलं नाही. आप्पा मात्र पुढे आले, वाकले आणि मोडलेल्या रेघेवर नख ठेवून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

परतताना स्कूटरवर मागून ते काहीतरी बोलले. मला वाटलं वारा आहे. त्यांनी पुन्हा म्हटलं, "हात गेलं माझं."

घरी आल्यावर त्यांनी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. सोमवार गेला, मंगळवार गेला. ते परत खुर्चीत बसले, आणि आता बोटंसुद्धा हलत नव्हती. बुधवारी मी रजा टाकली. त्यांच्या कानाशी ओरडून बोलले, अर्ध्या पेठेने ऐकलं असेल.

"आप्पा, हात नाही गेले तुमचे! तेलानं सरकते ती. बैठक कोरडी लागते!"

"कुनी सांगितलं?"

"क्लबातल्या सरांनी."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. "तीन महिने झाले," मी कानाशीच म्हणाले.

"तीन म्हैनं," ते सावकाश म्हणाले. "तीन म्हैनं मी ह्या हाताकडं बघतोय. म्हनलं, संपलो आता. आन तुला ठावं हुतं." त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "कारखान्यात माझी चूक कुनी दावली तर मला राग यायचा. लई यायचा. पर दावायची मानसं. तू मला म्हातारा धरलंस व्हय गं?"

मला रडू फुटलं. "चुकलं माझं, आप्पा," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ते गुडघ्यावर हात देऊन उठले, माळ्याखाली स्टूल ओढलं आणि पोतं खाली घेतलं.

"रडू नगं," ते म्हणाले. "फडकं आन. कोरडं आन."