माशांच्या पाण्याचं वरण

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. सख्ख्या बहिणीच्या नाही, नवऱ्याच्या तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या घरी जेवायला येणार नाही, त्यामुळे वरणाचा विषय निघायची भीती नाही. हसू नका. सगळं वरणापासूनच सुरू झालं. म्हणजे — माशांपासून. थांबा, नीट सांगते.

माझा नवरा मिलिंद. एरवी मी त्याला अहो म्हणते, इथं नाव घेऊन टाकते. आयटीआयमध्ये शिकवतो, स्वभावानं लोण्यासारखा, आणि वेड एकच — मासे. तेही साधे नाहीत, समुद्रातले. लातूर कुठं, समुद्र कुठं! पण आमच्या हॉलमध्ये तीन फुटी काचेच्या टाकीत तो होता. खाली पांढरी वाळू, वर दगड, दगडांवर फुलांसारखी उघडमीट करणारी प्रवाळं, आणि दोन केशरी मासे. या टाकीला नळाचं पाणी चालत नाही. अगदी शुद्ध पाणी लागतं, त्यात समुद्राचं मीठ कालवायचं. शिवाय उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी उडून जातं, तेवढं बिनमिठाचं शुद्ध पाणी वरून घालायचं. ते घालायचं काम माझ्याकडे होतं.

आणि हे सगळं कधी? तर दुष्काळात. नळाला पाणी येणं बंद झालं होतं, गल्लीत टँकर आला की ड्रमांची रांग लागायची, पुढं तर रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. अशात माणूस माशांसाठी नांदेडहून पाणी आणतो, हे कुणाला सांगणार? तिथं विष्णुपुरीला मिलिंदचा कॉलेजातला मित्र होता, त्याच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. दर दुसऱ्या शनिवारी मिलिंद एसटीनं जायचा आणि दोन मोठे कॅन चादरीत गुंडाळून आणायचा, जसं काही चोरीचं सोनं. पाहुणे आले की आम्ही टाकीवर पडदा सोडायचो. मला त्याची लाज वाटायची आणि मायाही यायची.

घरात तिसरे होते मामा, माझे सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. मामा अहमदपूरच्या स्टँडवर कंट्रोलर होते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कुठल्या गाडीची पाटी कशी बदलली, कुठली गाडी किती वाजता सुटायची, सगळं तोंडपाठ. त्या वर्षी गल्लीत पाण्याखालोखाल एकच विषय होता — उदगीर जिल्हा होणार म्हणे, मग अहमदपूर कुठं जाणार? त्यावर मामा कट्ट्यावर बसून तास तास बोलायचे. आणि बुद्धविहारात दर रविवारी, दर पौर्णिमेला, वंदनाही मामाच म्हणायचे. पुस्तक हातात न घेता. त्यांनी सुरुवात केली की सगळ्यांनी मागून म्हणायचं, अशी कित्येक वर्षांची पद्धत होती.

सकाळी दहा वाजता ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसत आणि माशांना चिमूटभर खाद्य टाकत. एकच चिमूट, एकदाच. मासे त्यांना ओळखत होते, खरंच. खुर्चीचा आवाज आला की काचेला येऊन चिकटायचे.

आता वरण. बोअरचं पाणी तेव्हा इतकं जड झालं होतं की तूरडाळ आठ शिट्ट्यांनंतरही डोळे वटारून बघायची. चहा मचूळ लागायचा. एक दिवस मी वैतागून माशांच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी कुकरमध्ये ओतलं. डाळ अशी शिजली म्हणता! मामांनी दोनदा वरण मागून घेतलं. म्हणाले, "पोरी, आज लई झकास झालंय बग वरण." तुम्हाला काय सांगू — मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं. मग चहालाही तेच. आणि कॅनमधलं पाणी कमी झालेलं दिसू नये म्हणून तेवढंच बोअरचं पाणी त्यात ओतून ठेवायला लागले. नणंद आली, ती म्हणाली वहिनीच्या हाताला चव आहे. मी पदर सावरला.

महिनाभरात टाकीत लाल शेवाळ धरलं. वाळूवर आधी डाग, मग अख्खा तांबडा, बुळबुळीत थर, दुधावरच्या सायीसारखा. मिलिंद नळीनं ओढून काढायचा, दोन दिवसांत पुन्हा हजर. त्यानं तीन दिवस दिवे बंद ठेवून टाकीवर चादर टाकली. दगड काढून दात घासायच्या ब्रशनं घासले. प्रवाळं मिटली ती उघडेनात. बिचारा आयटीआयमधून येऊन चपला काढायच्या आधी टाकीकडे जायचा. मी त्याच्या हातात चहा द्यायची — तुम्हाला कळलंच, कुठल्या पाण्याचा.

खरं सांगते, तोवर मला माहीत नव्हतं. मग एका रविवारी तो मोबाइलवर कुठलीतरी माहिती मोठ्यानं वाचत होता. लाल शेवाळाची मुख्य कारणं दोन, एक अशुद्ध पाणी आणि दुसरं जास्तीचं खाद्य. "पाणी तर आपलं शंभर टक्के शुद्ध आहे," तो म्हणाला. नांदेडला तो प्रत्येक कॅन मीटर लावून तपासून घ्यायचा. घरी आल्यावर कशाला तपासेल? बायकोवर कोण मीटर लावतं?

माझ्या हातात कणीक होती. मी तिथंच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तो रागावलाही नसता, फार तर हसला असता. मग मी का गप्प बसले? वरणाची वाहवा जाईल म्हणून? इतकंच? मी पुष्कळदा शोधलं. दुसरं काही सापडलं नाही.

मिलिंद मामांकडे वळला. हळूच, मायेनं म्हणाला, "बाबा, तुम्ही खाद्य जास्त टाकता का? वयानं होतं, विसरून दोनदा टाकलं जात असेल."

"न्हाई रे," मामा म्हणाले. "येकच चिमूट टाकतो. ध्यानात हाय की माज्या." मग ते माझ्याकडे बघून हसले. मी दिवसभर घरात असायची, त्यांची हक्काची साक्षीदार. "सूनबाई, तूच सांग की ह्याला."

आणि मी सांगितलं. म्हणाले, "मामा, कधीकधी दोनदा होतं. तुमच्या लक्षात राहत नाही."

हे ते. हेच सांगायचं होतं, म्हणून इतका वेळ वरण ढवळत बसले. त्यांचं हसू लगेच गेलं नाही, जरा वेळ तसंच राहिलं. मग ते म्हणाले, "आसंल बाबा. आसंल." खाद्याची डबी मिलिंदनं कपाटावर ठेवली आणि चिमूट तोच टाकायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी कॅनला हात लावला नाही. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा. आणि झालं काय — शेवाळ हटायला लागलं. दर आठवड्याला थर विरळ. महिना-दीड महिन्यात वाळू पांढरी झाली, प्रवाळं उघडली. मिलिंद लहान मुलासारखा खूश. मामांनी सगळं पाहिलं. त्यांच्या हातचं खाद्य बंद केल्यावर शेवाळ गेलं, म्हणजे पोरगा बरोबर आणि सून बरोबर. मी वाईट करत राहिले असते, तर आमच्या बोलण्यावर त्यांना थोडी तरी शंका घेता आली असती. मी सुधारले आणि तीही गेली.

वरण पुन्हा टणक झालं. मामा ते मुकाट्यानं चावत. एकदा म्हणाले, "मला आता चव बी कळंना गेली बग." मी पाणी वाढलं.

मग त्यांनी गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करायला सुरुवात केली. खूण असूनही विचारायचे, "पोरी, घेतलो का मी?" कट्ट्यावर कुणी गाडीची वेळ विचारली तर म्हणायचे, स्टँडवर विचार बाबा. आणि एका रविवारी त्यांनी विहारात सांगून टाकलं — वंदना आता दुसऱ्या कुणी म्हणावी, माझा भरवसा राहिला नाही. सगळ्यांनी आग्रह केला. ते हात जोडून मागे जाऊन बसले.

त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, हे जगात मला एकटीला माहीत आहे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात त्यांची आठवण निघते तेव्हा मिलिंद फार जीव लावून बोलतो, म्हणतो, शेवटी शेवटी बाबा विसरायला लागले होते. मी त्याला भाजी वाढते.

मामांनी वंदना सोडली, त्यानंतरच्या वैशाखी पौर्णिमेची गोष्ट; विहारात गर्दी होती. पांढरी साडी नेसून मी मामांच्या अगदी मागे बसले होते. पुढं एक मास्तर पुस्तकात बघून वंदना म्हणत होते. मामांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. मध्येच पान उलटताना मास्तरांची एक ओळ सुटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे पुढं गेले. मामा एकटेच ती सुटलेली ओळ म्हणाले, हळू पण स्पष्ट, आणि दचकून थांबले. मान वळवून त्यांनी मला विचारलं, "माजंच चुकलं का गं?"

ती ओळ मला पाठ होती. लहानपणापासून पाठ होती.

मी मान हलवली. हो म्हणून.