चार बोटं पाणी

कात्रजच्या आमच्या सोसायटीतल्या कमळतळ्याच्या भिंतीला मधोमध तडा गेला होता. डागडुजीसाठी पाणी उपसायला हवं होतं, पण गाळ ओढून मोटर जळाली. आम्ही चार इंजिनियर कठड्यापाशी चर्चा करत होतो, त्यामुळे काहीच ठरत नव्हतं.

जळकी मोटर न्यायला आलेला भंगारवाला पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ऐकत उभा होता. शेवटी म्हणाला, "झाडांना पाणी घालायचा पाईप हाय ना?"

त्याने सगळा पाईप तळ्यात बुडवला. बुडबुडे थांबेपर्यंत तो तसाच दाबून धरला. मग एका तोंडावर अंगठा दाबून ते कठड्यावरून खालच्या गटारापाशी नेलं आणि अंगठा काढला. पाणी आपणहून कठडा चढलं.

"अहो, मोटरशिवाय?" अध्यक्ष म्हणाले.

"पाण्याला ढकलायचं नसतं साहेब. खाली जागा हाय, एवढंच दाखवायचं."

तळ्यातलं तोंड त्याने एका आडव्या विटेवर बांधलं, त्याला चहाची जुनी गाळणी लावली आणि चहाला नको म्हणून हातगाडी ढकलत निघून गेला.

तो गेल्यावर आम्हाला तळ्यातले मासे आठवले. पाईप वेळेवर उचलायला हवा म्हणून मी संध्याकाळपर्यंत राखण करत बसलो. पाणी विटेपाशी उतरलं, पाईपने घुर्र करून हवा ओढली आणि धार आपोआप थांबली.

खाली चार बोटं पाणी उरलं होतं. त्यात सगळे लाल मासे फिरत होते, आणि अध्यक्ष वाकून वाकून ती वीट बघत होते.