भिंतीवर पाऊस लिहिणारे काका

माझ्या हातात चुन्याचा ब्रश, पायाशी बादली, कडेवर लेक, समोर भिंत पांढरीशुभ्र आणि दारात काका. त्यांच्या हातातली फाइल हळूहळू खाली आली, तोंड तसंच उघडं राहिलं, आणि मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. अख्ख्या पुण्यात लोकांच्या भिंतीवर पाऊस लिहून ठेवणारा माणूस एकच, आणि त्याचं सगळं लिखाण मी सकाळी उठून, चहासुद्धा न घेता, पुसून टाकलं होतं.

हे काका आमच्या नात्यातले नाहीत. ते गल्लीच्या वरच्या टोकाला राहतात, आम्ही खालच्या. बिबवेवाडीतली आमची गल्ली उतारावर आहे आणि आमची खोली अगदी तळाला, म्हणजे वर कुणी अंगण धुतलं तरी ते मला घरबसल्या कळतं. काकांची नोकरी धरणावर होती, पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, जन्मभर तेवढंच. रिटायर झाले, धरण तिकडं राहिलं, पण वाचायची सवय सुटेना, मग त्यांनी आमची गल्ली वाचायला घेतली. पाऊस आला की सगळे घरात पळतात, काका छत्री, स्टीलची पट्टी आणि गेरूची वाटी घेऊन बाहेर पडतात आणि थेट माझ्या दारात येतात, कारण सगळ्यात जास्त पाणी माझ्याकडं. कडी वाजवल्याशिवाय आत यायचे नाहीत. मी गुडघाभर पाण्यात, लेक खांद्यावर किंचाळतेय, चपला तरंगत चाललेल्या, आणि हे बाहेरनं विचारणार, "सूनबाई, रेघ मारू का?" एकदा मी चपला धरायला धावले तर माझ्यावरच ओरडले, "अहो, हलू नका! लाटा होतात." मग वाकून भिंतीवर पाणी टेकलंय तिथं गेरूची रेघ ओढायचे, शेजारी तारीख लिहायचे, वहीत आकडा टिपायचे, थँक्यू म्हणायचे आणि निघून जायचे. पाणी मात्र माझ्याकडंच.

मला आधी वाटायचं डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. कोरड्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतून ते कुठं जातं बघत त्याच्यामागनं चालायचे. भाजीवाली म्हणायची, "काका, सांडलं का?" तर म्हणायचे, "सांडलं नाही, सोडलंय." पण मग कळलं की ते आमच्यासाठीच चाललंय. एक संस्था आहे, ती असल्या गल्ल्यांना अनुदान देते, रस्त्याच्या कडेनं पावसाळी गटार, त्याच्या बाजूला झाडांचे पट्टे, म्हणजे निम्मं पाणी गटारात आणि निम्मं मातीत जिरणार. काकांनी अर्ज केला, परत आला. दुसरा केला, तोही परत आला. त्या हापिसात बसायला खुर्ची मिळत नाही म्हणून हे घरनं घडीचं स्टूल घेऊन जायचे, आणि साहेबाच्या टेबलासमोर ते उघडून म्हणायचे, "तुमचं चालू द्या. मी पाणी उतरायची वाट बघत बसलेला माणूस आहे, मला घाई नसते." तिसऱ्या अर्जाला कंटाळून म्हणा, संस्थेनं कळवलं की आम्ही समक्ष येऊन बघतो. पण येणार कधी, तर मे महिन्यात, तेव्हा रस्त्यावर थेंब नसतो. समोरच्या शेख चाची म्हणाल्या, फोटो दाखवू की, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. काकांना ते पटेना. "फोटो कुठल्याही गल्लीचा असतो. भिंत इथलीच असते." अर्जात लिहूनच टाकलं होतं त्यांनी, वहीतले आकडे भिंतीवरच्या खुणांशी ताडून बघावेत.

आणि आदल्या दिवशी गल्लीभर काय सांगत फिरले, तर "उद्या मोठी माणसं येणार आहेत आपल्याकडं." बस, एवढंच. अर्ज तपासायला येणारी माणसं ती हीच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता मोठी माणसं येणार म्हणल्यावर कुठली बाई गप्प बसेल? वरच्यांनी सडारांगोळी केली, खड्ड्यात मुरूम पडला, तुंबलेली मोरीची जाळी घासून निघाली, चाचींनी कुंड्या मांडल्या. माझ्याच दारातली भिंत तेवढी लाल रेघांनी बरबटलेली, लाज वाटली मला. म्हणलं काकांची मान खाली जायला नको.

"काका, मी काढते परत," मी रडायलाच लागले, "मला आठवतंय कुठं कुठं होत्या." काका भिंतीला हात लावत म्हणाले, "आठवणीनं काढली की ती खोटी रेघ, सूनबाई. मी खोटी रेघ मारत नाही." चाची ओट्यावरनं म्हणाल्या, "अगं, हिशेब असा पुसतात का? तू तर त्यांची वहीच धुतलीस!" आणि तेवढ्यात गाडी आली.

एक मॅडम आणि दोन साहेब उतरले. मॅडमनी रांगोळी बघितली, कुंड्या बघितल्या, भिंत बघितली. "खूप छान ठेवलीय तुम्ही गल्ली," म्हणाल्या, आणि मला वाटलं, संपलं, छान गल्लीला कोण पैसे देणार, आणि पावसाला महिनासुद्धा नव्हता. काका सरळ म्हणाले, "खुणा होत्या. आज सकाळी पुसल्या गेल्या. चूक माझी, मी पाहुणे येणार म्हणून सांगितलं, तपासणी आहे असं सांगितलं नाही." माझं नाव नाही घेतलं. मॅडम म्हणाल्या, "मग आम्ही बघायचं काय?" मी आठवी शिकलेली, असल्या लोकांसमोर माझ्या तोंडनं शब्द फुटत नाही, जे फुटलं ते एवढंच, "आत या ना, चहा तरी घ्या."

मॅडम आत येऊन पलंगावर बसल्या आणि त्यांचे पाय लोंबकळायला लागले. त्यांनी खाली बघितलं. पलंग विटांवर, कपाट विटांवर, शेगडीचं सिलेंडर विटांवर. "हे सगळं इतकं उंच का?" आणि मग काय झालं मला कळत नाही, मी दम न घेता बोलतच सुटले, की पहिल्या पावसाळ्यात एक वीट होती, मग दुसरी घातली, मग तिसरी, मागच्या वर्षी पाळण्याच्या बुडाला पाणी लागलं, मी लेकीला घेऊन ओट्यावर चढून बसले, तिचे बाबा कामावर, आता अजून किती विटा घालू, वर पत्रा आहे. बोलता बोलता बघते तर काका दिसेनात. पलंगाखालनं आवाज आला, "मॅडम! बॅटरी आहे का?"

पलंगाखालच्या विटांना कोण चुना लावतं! दर पावसाचं गढूळ पाणी त्यांच्यावर तपकिरी रेघ सोडून गेलं होतं, एकावर एक. काका पोटावर पडून पट्टी लावून आकडे ओरडत होते, मॅडम साडी खोचून गुडघ्यावर, वही उघडून ताडत होत्या, आणि चहा निवत होता. चाची दारातनं म्हणाल्या, "बघा, झाकली वस्तूच कामाला आली."

अनुदान मिळालं. गटार झालं, कडेला कर्दळी लावल्या, दोन बकुळी लावल्या. यंदाच्या पावसाळ्यात धो धो कोसळला तरी पाणी माझ्या उंबऱ्याला शिवलं नाही. मी पलंगाखालच्या विटा काढल्या. लेक आता जमिनीवर बसून खेळते.

काका मात्र आले, छत्री, पट्टी, वाटी घेऊन. कडी वाजवली. "आज काही नाही का, सूनबाई?" "नाही काका." "छान, छान," म्हणाले, पण वाटीत गेरू कालवलेला, तो तसाच घेऊन पांढऱ्या भिंतीकडं बघत जरा वेळ उभे राहिले, मग हळूहळू चढ चढून गेले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते उतरताना दिसले आणि मी काय केलं, घरातली बादली उचलली आणि भिंतीच्या पायथ्याशी ओतली.

काकांनी वाकून बघितलं, बोट बुडवलं. "नळाचं आहे. पावसाचं इतकं स्वच्छ नसतं." म्हणलं आता बोलणार. पण त्यांनी पाण्याच्या कडेनं बोटभर रेघ ओढली, तारीख लिहिली आणि पुढं अक्षर जपून लिहिलं, "नळ." मग थँक्यू म्हणून गेले.

आता दिवाळी येतेय, सगळे चुना लावायला लागलेत, मीही बादलीत चुना भिजवून ठेवलाय, पण ब्रश काही त्या रेघेकडं जात नाही. तुम्ही काय केलं असतं?